डायब्लो २, डायब्लो ३ आणि फ्लॉपीतला माझा मावळा

आधीच सरळ सांगून टाकतो म्हणजे ज्यांना घाई आहे ते मोकळे. दिवसभर ऑफिसात डोकं पिकलंय, रात्री तासभर सोफ्यावर बसून राक्षसांचा फडशा पाडायचाय, तर डायब्लो या कॉम्प्युटर गेमचा तिसरा भाग, डायब्लो ३ घ्या. एखादं कॅरेक्टर महिनोन्महिने वाढवायचं असेल, चुकतमाकत, आणि ते आपलं आहे असं आतून वाटायला हवं असेल, तर डायब्लो २, म्हणजे आता त्याचं नवं रूप आलंय ते रिसरेक्टेड. मी दुसऱ्या भागाच्या बाजूचा माणूस आहे. का ते सांगतोच, पण तिसऱ्यात जे भारी आहे तेही मनापासून सांगणार आहे, कारण जुने खेळणारे ते मान्यच करत नाहीत आणि मला ते पटत नाही.

डायब्लो २ जून २००० मध्ये आला. आमच्यापर्यंत यायला २००२ उजाडलं. ठाण्याला नौपाड्यात गोखले रोडच्या मागच्या गल्लीत एक सायबर कॅफे होता, आठ मशीन, तासाला वीस रुपये, चपला बाहेर काढून आत जायचं. बहुतेक पोरं काउंटर स्ट्राइक खेळायची, नुसता आरडाओरडा, आणि कोपऱ्यातल्या दोन मशीनवर डायब्लो टाकलेला होता. मी पहिल्यांदा बघितला तेव्हा स्क्रीनवर जवळजवळ काहीच दिसत नव्हतं. काळोख, पाऊस, आणि आपल्या माणसाभोवती उजेडाचं एक छोटंसं वर्तुळ. त्या वर्तुळाच्या बाहेर काय आहे ते चालत गेल्याशिवाय कळत नाही, आणि चालत जायचं तर भीती वाटते. हेडफोनमध्ये मॅट युल्मेनचं ते संगीत, ट्रिस्ट्रम या गेममधल्या गावात गेलात की ती गिटार वाजते ना, ती आजही कुठे ऐकली की मला त्या कॅफेतला एसीचा दमट वास येतो. ग्राफिक्स म्हणाल तर ६४० बाय ४८०, लॉर्ड ऑफ डिस्ट्रक्शन ही त्याचीच पुरवणी २००१ मध्ये आली त्यात ८०० बाय ६०० झालं, बस. पण त्या काळोखाला एवढंच पुरेसं होतं.

ज्यांनी खेळलाच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. वरून तिरका दिसणारा नकाशा, माउसने क्लिक करत चालायचं, क्लिक करून मारायचं, मेलेल्या राक्षसाकडून सामान पडतं ते उचलायचं, लेव्हल वाढवायची. पाच प्रकारची पात्रं होती, अॅमेझॉन, बार्बेरियन, नेक्रोमॅन्सर, पॅलाडिन, सॉर्सरेस, पुरवणीत असॅसिन आणि ड्रुइड आले. गेम संपला की तोच परत नाइटमेअर लेव्हलला, मग हेल लेव्हलला, आणि हेलमध्ये गेलात की कळतं आपण आत्तापर्यंत काय काय चुकीचं केलंय.

आता मुद्द्याचं. प्रत्येक लेव्हलला एक स्किल पॉइंट आणि पाच स्टॅट पॉइंट मिळतात, आणि एकदा टाकला की टाकला. परत घेता यायचा नाही. २०१० च्या १.१३ पॅचपर्यंत मागे फिरायची काही सोयच नव्हती. माझी पहिली सॉर्सरेस मी अशीच वाया घालवली, एक पॉइंट आगीत, एक बर्फात, एक विजेत, सगळंच चाखून बघायचं होतं, आणि नाइटमेअरच्या अर्ध्यात ती इतकी लेचीपेची झाली की साध्या बाणाने जायला लागली. दोन महिने पॉकेटमनी घालून वाढवलेली पोरगी. रडू आलं नाही पण जेवण गेलं नाही त्या रात्री. मग नवीन बार्बेरियन केला, नाव ठेवलं मावळा, आणि ठरवलं की आता एकेक पॉइंट विचार करून टाकायचा.

बार्बेरियनला तिसाव्या लेव्हलला व्हर्लविंड मिळतं, भोवऱ्यासारखा गरागरा फिरत गर्दीतून जातो तो. त्याच्यासाठी मी पाच पॉइंट राखून ठेवले होते, वापरलेच नव्हते, लेव्हल सत्तावीस की अठ्ठावीस. एका शनिवारी कॅफेत गेलो तर मशीनवर दुसराच कोणीतरी मुलगा बसून गेला होता, माझं कॅरेक्टर उघडून. पाचही पॉइंट खर्च. त्याने ते थ्रोइंग मास्टरीत टाकले होते, म्हणजे फेकायची शस्त्रं, जी माझ्याकडे नव्हतीच. मी त्या खुर्चीत बराच वेळ नुसता स्क्रीनकडे बघत बसलो, ते पाचचा आकडा असलेलं चौकोनी चित्र, आणि वर माझ्या हातातल्या दोन तलवारी. कॅफेवाले काका म्हणाले, अरे जाऊ दे, नवीन कर. पण नवीन करायचं म्हणजे परत पहिल्या झोपडीपासून.

नाही केला नवीन. त्याच सोमवारी स्टेशनजवळून एक फ्लॉपी घेतली, सेव्ह फोल्डरमधली मावळ्याची फाइल त्यात टाकली आणि मशीनवरची उडवली. ही गंमत फार कमी लोकांना माहितीये, त्या गेममध्ये ऑफलाइन खेळणाऱ्याचं अख्खं कॅरेक्टर, लेव्हल, सामान, पेटीतलं सोनं, सगळं एका छोट्या फाइलमध्ये मावतं, काही केबी फक्त. १.४४ एमबीची फ्लॉपी तिच्यापुढे वाडा. पुढची दोन-अडीच वर्षं मावळा माझ्या शर्टाच्या खिशात होता. कॅफेत जाऊन खेळायचो आणि निघताना फ्लॉपीवर घ्यायचो. ऐरोलीला मामेभावाकडे कॉम्प्युटर आला तेव्हा ठाणे स्टेशनहून बसने जायचो, तेव्हा वाशीची लोकल सुरू व्हायची होती, आणि पावसाळ्यात विटाव्याला रेल्वे पुलाखाली पाणी भरलं की बस तिथेच उभी, मी फ्लॉपी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून बनियनच्या आत धरलेली. त्याच्याकडे पोचलो की आधी फ्लॉपी घालायची, तो कर्र कर्र आवाज, आणि मग मेनूत नाव दिसलं की जीव भांड्यात पडायचा.

आणि ते चुकीचे पाच पॉइंट? त्यांचं काय केलं सांगतो. लॉर्ड ऑफ डिस्ट्रक्शनमध्ये शस्त्रांचे दोन संच ठेवता येतात, डब्ल्यू दाबलं की हातातलं बदलतं. एका संचात तलवारी, दुसऱ्यात फेकायच्या कुऱ्हाडी घेतल्या. लांबून जादू मारणारे जे असतात ना, त्यांच्याकडे धावत जाण्याआधी दोन कुऱ्हाडी फेकायच्या आणि मग घुसायचं. हळूहळू तीच माझी पद्धत झाली. असा बार्बेरियन मी दुसऱ्या कोणाचा बघितलेला नाही. कागदावर तो कमजोर आहे, मान्य, पण तो कुठल्या गाइडमधून उचललेला नाही, त्याच्या अंगावर त्याच्यासोबत जे घडलं ते सगळं दिसतं.

डायब्लो २ चं मोठेपण मला इथेच वाटतं. चूक सहजासहजी पुसली जात नाही, म्हणून निर्णयाला वजन येतं. सामानाचंही तसंच. पोटलीत दहा बाय चार घरं, चिलखताला सहा घरं लागतात, भाल्याला आठ, आणि त्यात चार्म नावाच्या वस्तू असतात ज्या पोटलीत असेपर्यंतच उपयोगाच्या, म्हणजे ताकद हवी तर जागा सोडा. पळताना दम लागतो. औषधाच्या बाटल्या पट्ट्यात खोचून ठेवायच्या, संपल्या की संपल्या. मेलात तर तुमच्या अंगावरचं सगळं सामान प्रेताबरोबर तिथेच पडतं, उघड्या अंगाने परत जाऊन आणायचं, जीव मुठीत धरून.

ड्युरिएलचं सांगितलंच पाहिजे. दुसऱ्या अंकाच्या शेवटी वाळवंटात सात थडगी असतात, त्यातलं खरं एकच, ते खुणेवरून शोधायचं, आत जाऊन काठी बसवायची, भिंत फुटते, आणि आत एका खोलीत हा किडा. खोली इतकी लहान की पळायला जागा नाही, त्यात त्याच्याभोवती असा गारठा की आपण गोठल्यासारखे हळू होतो. आणि आमच्या कॅफेतल्या मशीनवर ती खोली लोड व्हायला वेळ लागायचा, सीडी फिरतेय फिरतेय, चित्र यायचं तोवर मावळा मेलेला. आठ वेळा. मागे उभी असलेली काउंटर स्ट्राइकवाली पोरंसुद्धा नवव्या वेळी गप्प उभी राहून बघत होती, आणि ड्युरिएल पडला तेव्हा काकांनी माझ्याकडून त्या तासाचे पैसे घेतले नाहीत.

अंगठीचा आवाज. एवढं एक लिहितो आणि पुढे जातो. डायब्लो २ मध्ये जमिनीवर अंगठी पडली की एक बारीक टिंग होतं. पन्नास राक्षसांच्या गोंगाटातसुद्धा तो कानाला कळतो आणि हात आपोआप थांबतो. शंभरातल्या नव्व्याण्णव अंगठ्या टाकाऊ निघतात, तरी थांबतो. रून, म्हणजे शस्त्रात-चिलखतात बसवायचा जादूचा दगड, पडली तर वेगळाच. एकूण ३३ रून, एल पासून झॉड पर्यंत, वरच्या रून लोकांना वर्षानुवर्षं खेळून दिसत नाहीत, मला झॉड अजून दिसलेली नाही.

आता तिसरा. १५ मे २०१२. बारा वर्षांनी. मधल्या काळात दुसरा भाग बनवणारी, ब्लिझर्ड कंपनीच्या ब्लिझर्ड नॉर्थ या शाखेतली मंडळी, डेव्हिड ब्रेव्हिक आणि शेफर बंधू, २००३ मध्येच सोडून गेली होती आणि ते ऑफिस २००५ मध्ये बंद झालं, तेव्हा तिसरा वेगळ्याच लोकांनी वेगळ्याच विचाराने केलेला गेम आहे हे डोक्यात ठेवून बघा, म्हणजे राग कमी येतो. २००८ मध्ये पहिली झलक दाखवली तेव्हाच लोक रंगांवरून भडकले होते, फार उजळ आहे, फार रंगीत आहे म्हणून. रिलीजच्या रात्री जगभर सर्व्हर कोलमडले, एरर ३७ हा आकडा तेव्हापासून गेमवाल्यांच्या तोंडी बसला. मीही सुट्टी टाकून बसलो होतो, मग सकाळी सहाला झोपलो.

पण दुसऱ्या दिवशी आत गेलो आणि पहिल्या पंधरा मिनिटांत तोंड उघडं पडलं. मारामारी काय केलीये यार! बार्बेरियनने एक फटका मारला की सांगाडा हाडं सुटून भिंतीवर जाऊन आपटतो. झुंबराची साखळी तोडली की झुंबर खाली, त्याच्याखाली सहा जण चिरडले. डीमन हंटर कोलांटी मारून राक्षसांच्या मधून निघते आणि वळून बाण सोडते, ते माउसवर इतकं गुळगुळीत आहे की दोन तासांनी डायब्लो २ उघडला तर तिथला बार्बेरियन चिखलातून चालल्यासारखा वाटला. माँकचं ते सात ठिकाणी एकदम प्रकटून मारणं, विच डॉक्टर बरणी फोडून कोळी सोडतो ते, प्रत्येक पात्राचा हात वेगळा लागतो. दुसऱ्यात डाव्या बटणाला एक स्किल, उजव्याला एक, बाकीची एफ वनपासून पुढच्या बटणांवर बदलत बसा. इथे सहा स्किल एकदम हाताखाली. बाटल्या ढोसत मारामारी नाही, राक्षस मेला की लाल गोळा पडतो, तो घ्यायला तुम्हाला गर्दीत घुसावं लागतं, म्हणजे जीव वाचवायला पुढे जायचं, मागे नाही. ही कल्पना फार हुशार आहे आणि तिचं श्रेय द्यायलाच हवं. डायब्लो २ चे भक्त हे वाचून चिडतील, पण हातात माउस धरून प्रामाणिकपणे सांगा, लढाई कुठली चांगली? तिसऱ्याचीच.

मग घोडं अडतं कुठे?

स्किल पॉइंट नाहीत. लेव्हल वाढली की स्किल आपोआप उघडतात, प्रत्येकाला पाच रून (इथे रून म्हणजे त्याच स्किलची वेगवेगळी रूपं), कधीही बदला, फुकट. पहिल्यांदा मला हे वरदान वाटलं. नंतर एक दिवस मित्राची आणि माझी साठाव्या लेव्हलची विझर्ड शेजारी शेजारी उभी होती आणि लक्षात आलं की आमच्यात फरक फक्त कपड्यांचा आहे. मी कपडे काढून त्याला दिले तर मी तो होईन. माझ्या विझर्डला भूतकाळच नाही. तिने कधी काही निवडलंच नाही, काही गमावलं नाही.

आणि कपडे तरी कुठून आले? तेव्हा गेममध्ये लिलावघर होतं, गेममधल्या सोन्याचं एक आणि खऱ्या पैशाचं एक. इन्फर्नो या सगळ्यात अवघड लेव्हलला राक्षस इतके मारके की पडणाऱ्या सामानावर भागत नव्हतं, सगळे लिलावात जायचे. मीही गेलो. माझ्या डीमन हंटरचं धनुष्य मी लिलावात सोन्याने घेतलं, यादी लावली, आकडा टाकला, बटण दाबलं. जबरदस्त धनुष्य होतं. ज्या गेमची सगळी मजा जमिनीवर काय पडतंय यात आहे त्यात मी आठवडाभर जमिनीकडे बघतच नव्हतो, एका तक्त्याकडे बघत होतो. टिंग नाही, काही नाही. ब्लिझर्डने शेवटी १८ मार्च २०१४ ला दोन्ही लिलावघरं बंद केली आणि ते फार चांगलं केलं.

त्यानंतर एका आठवड्यात रीपर ऑफ सोल्स ही तिसऱ्याची पुरवणी आली आणि तिसरा भाग खऱ्या अर्थाने तिथून सुरू होतो असं मी म्हणेन. सामान पडायची पद्धत महिनाभर आधीच्या पॅचमध्येच बदलली होती, तुमच्या पात्राच्या कामाचं पडायला लागलं होतं, आता क्रुसेडर हे नवीन पात्र आलं, अॅडव्हेंचर मोड आला म्हणजे तीच तीच गोष्ट परत परत ऐकायची गरज नाही, रिफ्ट आल्या, म्हणजे राक्षसांनी भरलेले, दर वेळी बदलणारे नकाशे. २०१५ मध्ये कनाईचा क्यूब आला, दुर्मिळ वस्तू त्यात विरघळवून तिची ताकद काढून घ्यायची, ती तर माझी तिसऱ्यातली सगळ्यात आवडती गोष्ट. पण त्याच काळात आकडे सुटले. सेटचे सहा तुकडे घातले की मारात हजारो टक्क्यांची वाढ, स्क्रीनवर अब्जांचे आकडे उडतात, आणि अब्ज आणि दहा अब्ज यातला फरक अंगाला कळत नाही. डायब्लो २ मध्ये रेझिस्टन्स, म्हणजे आग-बर्फाचा मार सोसायची ताकद, दहाने वाढला की हेलमध्ये जगलो का मेलो हे त्याच्यावर ठरायचं.

कथेबद्दल फार लिहीत नाही, फक्त ज्यांनी खेळला नाही त्यांनी हा परिच्छेद सोडा. डेकार्ड केन. पहिल्या गेमपासून जो म्हातारा आपल्याला थांबवून गोष्टी सांगतो, आपलं सामान ओळखून देतो, त्याला तिसऱ्यात एक फुलपाखरांवाली चेटकीण पहिल्याच अंकात मारून टाकते. घरातलं वडीलधारं माणूस असं एका फालतू प्रसंगात घालवतात का? आणि ते अझमोडान वगैरे मोठमोठे राक्षस, हवेत प्रकट होऊन आपला पुढचा बेत स्वतःच सांगतात. दुसऱ्या भागात डायब्लो बराच वेळ समोर येत नाही, तो पुढे निघून गेलेला असतो आणि आपण फक्त त्याने मागे काय करून ठेवलंय ते बघत पूर्वेकडे जात राहतो. ती भीती कितीतरी मोठी.

इंटरनेटचं मात्र लिहावं लागेल. कॉम्प्युटरवर डायब्लो ३ एकट्याने खेळायला पण कायम ऑनलाइन राहावं लागतं, आजही. कॅरेक्टर तुमच्या मशीनवर नसतंच, सर्व्हरवर असतं. २०१३ च्या पावसाळ्यात माझी एक हार्डकोर डीमन हंटर होती, हार्डकोर म्हणजे एकदा मेली की कायमची, ५२ लेव्हल, तिसरा अंक. बाहेर धो धो पाऊस, आमच्या वर्तकनगरच्या बिल्डिंगला गच्चीवरून येणारी केबलवाल्याची वायर कुठेतरी निसटली, मोडेमचा दिवा लाल, आणि स्क्रीन गोठली. लाइन गेली तरी तुमचं पात्र काही सेकंद तिथेच उभं राहतं. लाइन परत आली तेव्हा तिच्या नावापुढे ती गेल्याची नोंद होती. ड्युरिएलने मला आठ वेळा मारलं त्याचा मला राग नाही, ते मरण माझं होतं. हे मरण वायरीचं.

म्हणूनच तिसरा घ्यायचाच असेल तर माझा सल्ला, कन्सोलवर घ्या. तिथे ऑफलाइन चालतो, आणि एका टीव्हीसमोर चार जण एकत्र खेळू शकतात, ही सोय दुसऱ्या भागाच्या रिसरेक्टेडमध्ये नाही. माझा भाचा घणसोलीला राहतो, आता चौदाचा आहे, तो सात-आठ वर्षांचा असल्यापासून आम्ही रविवारी दुपारी पीएस फोरवर डायब्लो ३ खेळतो. त्याचा क्रुसेडर, माझा बार्बेरियन. ताई आतून ओरडते जेवायला या, आणि आम्ही म्हणतो ही एक रिफ्ट. सामान पडलं की तो ओरडतो, मामा तो नारंगी खांब तुझा आहे, घे! लेजेंडरी, म्हणजे दुर्मिळ वस्तू, पडली की नारंगी उजेडाचा खांब उभा राहतो ना, तो. लहान मुलाबरोबर खेळायला याच्याइतका चांगला गेम मला माहीत नाही. तो चुकला तरी काही बिघडत नाही, लगेच बदलतो, लगेच उठतो, खुश राहतो. जी गोष्ट मला एकट्याला खुपते तीच त्याच्यासोबत कामाला आली, हे मला कबूल आहे. २०२३ च्या सीझन २९ नंतर नवीन सीझन, म्हणजे सगळ्यांनी पहिल्यापासून खेळायची काही महिन्यांची फेरी, बनवणं थांबलं, जुनेच आलटून पालटून येतात, पण आम्हाला काही फरक पडला नाही.

रिसरेक्टेड २३ सप्टेंबर २०२१ ला आला. ग्राफिक्स नवीन, पण आतला गेम तोच जुना, एक बटण दाबलं की तेच सन २००० चं चित्र समोर, मी तासातून दहा वेळा ते बटण दाबायचो. सोनं आपोआप उचललं जातं, सगळ्या कॅरेक्टरना मिळून एक पेटी आहे, हे फार बरं केलं, पूर्वी सामान ठेवायला खोटी कॅरेक्टर बनवायला लागायची. ऑफलाइन खेळता येतो, फक्त अधूनमधून एकदा लॉगिन करून यावं लागतं. स्पिरिट, इनसाइट सारखे रूनवर्ड, म्हणजे ठरलेल्या क्रमाने रून बसवून बनणाऱ्या वस्तू, पूर्वी लॅडर या ऑनलाइन चढाओढीत खेळणाऱ्यांनाच मिळायचे, ते आता घरात बसून करता येतात. पोटली मात्र तेवढीच ठेवलीये, दहा बाय चार, आणि ठेवली ते उत्तम.

आणि फाइल. फ्लॉपी कधीच गेली, पण २००४ च्या सुमारास मावळ्याला घेऊन शेवटचं खेळलो तेव्हा मी त्याची फाइल स्वतःलाच ईमेल करून ठेवली होती, विषयाच्या जागी नुसतं मावळा. रिसरेक्टेडमध्ये जुन्या ऑफलाइन फाइल चालतात असं कळलं तेव्हा रात्री बारा वाजता ती मेल शोधली, डाउनलोड केली, नवीन फोल्डरमध्ये टाकली आणि गेम चालू केला. शेकोटीजवळ उभा होता. मी ज्याला सतरा वर्षांपूर्वी ठिपक्या ठिपक्यांचा बघितला होता त्याला आता चेहरा होता, दंडावर शिरा होत्या, चिलखतावर शेकोटीचा उजेड हलत होता. हातात त्याच दोन तलवारी. डब्ल्यू दाबलं, कुऱ्हाडी.

पुढच्या रविवारी भाच्याला लॅपटॉपवर दाखवला. त्याने चालवून बघितला, आधी म्हणाला मामा हा पळताना दमतो का, मग म्हणाला खूप हळू आहे, मग काळोखात एक दार उघडलं आणि काही बोलेनासा झाला. अर्ध्या तासाने स्किलचं पान उघडून म्हणाला, हे थ्रोइंगचे पाच कशाला टाकलेस, काही उपयोग नाही यांचा, व्हर्लविंडमध्ये असते तर? मग त्यानेच मोबाइलवर शोधलं की आता पहिल्या अंकातल्या अकारा नावाच्या पुजारणीकडे जाऊन सगळे पॉइंट परत घेता येतात, नॉर्मल, नाइटमेअर, हेल, प्रत्येकात एकदा फुकट. कर ना मामा, दोन मिनिटांचं काम आहे.

मावळ्याला घेऊन मी अकारासमोर उभा केला. ती विचारते, नक्की का. मी त्याला नौपाड्यातला तो शनिवार सांगायला लागलो, आणि सांगता सांगता खिडकी बंद केली. पाच अजून तिथेच आहेत. सध्या आम्ही दोघं मिळून त्याला हेलच्या दुसऱ्या अंकातून काढतोय, तलवारी मी मारतो, कुऱ्हाडी फेकायचं बटण त्याच्याकडे असतं, आणि ड्युरिएलचं थडगं यायला अजून दोन रविवार तरी आहेत.